स्टेपनीचा कॅरियर लावताय? आधी बिजागरीला हात लावून बघा

मे महिना लागला की आमच्या बेळगावात थार, जिम्नी, जुन्या जिप्सीवाल्यांची एकच घाई, मोठे टायर टाकायचे. टायर मोठे झाले की स्टेपनी पण मोठी पाहिजे, ती मागच्या दाराच्या जागेवर नीट बसत नाही, मग बाहेरून घेतलेला कॅरियर, म्हणजे स्टेपनी टांगायची लोखंडी चौकट. फोटो झकास येतो, पण त्या कॅरियरला कोण धरून ठेवलंय ते कोणी बघत नाही. मी पण बघितलं नव्हतं.

माझा कॅरियर ऑनलाइन मागवलेला, दारावरच बसणारा, बिजागरीला एक जादा पट्टी देऊन. गेल्या पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबी करत चोर्ल्याकडे चाललो होतो, मागून सारखं टिक टिक टिक. मला वाटलं जॅक सुटलाय, गाणी मोठी केली आणि गेलो. रविवारी घरी गाडी धुताना खालच्या बिजागरीपाशी रंगात केसासारखी एक रेघ दिसली, त्यातून गंजाचं पाणी खाली ओघळलेलं. नखाने खरवडलं तर रंगाखालचा पत्राच फाटला होता, बोटभर लांब. घाटात ते दार स्टेपनीसकट मागच्या बाइकवाल्याच्या अंगावर गेलं असतं तर काय, हा विचार अजून येतो.

आता वजनाचं बघा. माझी जुनी २४५/७५ आर १६ स्टेपनी भंगारवाल्याच्या काट्यावर २८ किलो भरली आणि नवीन २८५/७० आर १७ मडवाली, म्हणजे चिखलासाठीच्या खोल खाचांच्या टायरची, ४३. पंधरा किलोच वाढले, त्यात काय, असं मी पण म्हटलं होतं. पण खड्ड्यात गाडी आपटली की त्या क्षणाला वजन दुप्पट-तिप्पट होऊन लटकतं, म्हणजे शंभर-सव्वाशे किलो, आणि आमच्या खानापूर तालुक्यातल्या रस्त्यांवर असे क्षण मिनिटाला किती येतात ते सांगायला नको. त्यात टायर रुंद असला की वजन दारापासून अजून लांब जातं, चाक आणि कॅरियरच्या मधे जाड चकती, स्पेसर, टाकला तर आणखी लांब. कंपनीने दाराची बिजागरी कंपनीच्या चाकाचा हिशोब करून बनवलेली असते. म्हणून पहिलं काम, विकत घ्यायच्या आधी स्टेपनी डिस्कसकट, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या रिमसकट, काट्यावर ठेवा आणि कॅरियरवाल्याला विचारा किती किलोपर्यंत चालतं. "कायबी होत नाही साहेब" असं उत्तर आलं तर उठून या.

कॅरियरचा दुसरा प्रकार बंपरला किंवा चॅसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, बसणारा, बाजूला फिरून उघडणारा. जड टायरला हाच बरा, पण चॅसिसला धरलेला असेल तरच. नुसत्या बंपरच्या पत्र्याला चार बोल्ट मारून दिलेले पण बघितलेत मी, ते घेऊ नका. चॅसिस आतून पोकळ असते, आरपार बोल्ट टाकून आवळला की ती चेपते आणि बोल्ट आठवड्यात ढिला होतो, म्हणून आत नळीचा तुकडा, स्लीव्ह, टाकायला सांगायचं. बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलेलं पाहिजे, ती त्याच्या ताकदीची खूण, खाली जाड वायसर आणि नायलॉक नट, आत नायलॉनची रिंग असलेला, ढिला न होणारा. कोऱ्या डोक्याचा बोल्ट स्वस्त मिळतो आणि तसाच तुटतो.

आपल्याकडे एक सोय आहे, उद्यमबाग. लेथवाले, फाउंड्रीवाले, वेल्डर सगळे एकाच ठिकाणी. माझा दुसरा कॅरियर तिथेच करून घेतला, मिस्त्री मराठी, वेल्डर कन्नड, आणि मी मधे दोन्हीकडे मान हलवत उभा. मिस्त्रीने सांगितलेल्या गोष्टी अशा. ज्या खुंट्यावर कॅरियरचा हात, म्हणजे चाक धरणारा दांडा, फिरतो तो खुंटा भरीव पाहिजे, फिरायला साधी नळी, बुश, नको, ट्रॉलीच्या हबसारखे दोन टेपर बेअरिंग टाका आणि ग्रीस निप्पल ठेवा. खुंट्याच्या बुडाला त्रिकोणी पट्ट्या द्या, सगळा जोर तिथेच येतो. गाडीवर वेल्डिंग करायचंच असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, नाहीतर ईसीएम, इंजिनचा कॉम्प्युटर, जातो, आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या, म्हणजे वेल्डिंगच्या जोडाच्या, अगदी जवळ लावा म्हणजे करंट बेअरिंगमधून जात नाही. डिझेल टाकीजवळ टाका मारायला कोणी निघाला तर हात धरा, कॅरियर काढून बाकावर घेऊन करू दे की.

आणि रंग लगेच मारू द्यायचा नाही! पावडर कोटिंगखाली वाईट टाका सुद्धा देखणा दिसतो. मिस्त्रीने तीन स्प्रेचे डबे काढले, कास्टिंगला चीर आहे का बघायला वापरतात तेच, डीपी टेस्ट म्हणतात. पहिल्याने साफ केलं, मग लाल रंग मारून दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवलं, तेवढ्यात चहा झाला, मग लाल पुसून वर पांढरी पावडर फवारली. सगळं पांढरं, आणि खुंट्याच्या बुडाला हळूहळू एक लाल रेघ उमटायला लागली, कुंकवाची काडी ओढल्यासारखी. वेल्डर काही बोलला नाही, ग्राइंडर घेऊन आख्खा टाका काढला आणि परत मारला. डब्यांचे पैसे मी दिले आणि अजिबात वाईट वाटलं नाही.

लॉकचं पण बघायचं. बऱ्याच कॅरियरला टॉगल क्लॅम्प असतो, वर्कशॉपमध्ये जॉब धरायला असतो तसला. तो एकटा असेल तर हादऱ्याने उघडू शकतो, म्हणून त्याच्या भोकातून पिन टाकून क्लिप लावायचीच. कॅरियरचा हात बंद झाल्यावर रबरी बफरवर दाबून बसला पाहिजे, हवेत तरंगत राहिला तर हलतोय आणि हलतोय म्हणजे कुठेतरी चिरतोय. उघडा राहायला पण वेगळी पिन पाहिजे, कारण उतारावर गाडी लावली की चाळीस किलोचं चाक आपोआप फिरून येतं आणि मधे पोराची बोटं असू शकतात.

चाक कॅरियरवर धरणारे नट हाताने किमान सात-आठ पूर्ण फेरे चढले पाहिजेत. अलॉयचे नट लोखंडी डिस्कला चालतीलच असं नाही, बूड जुळतंय का बघा. डिझेलचा कॅन त्याच कॅरियरवर टांगायची फॅशन आहे, ते करू नका, मागून कोणी ठोकलं तर पहिला तोच फुटणार.

कायद्याचं थोडक्यात. स्टेपनीने मागचे दिवे, रिव्हर्स कॅमेरा, नंबर प्लेट झाकायची नाही. नवीन नंबर प्लेटचे लॉक एकदाच बसतात, म्हणून प्लेट कुठे येणार ते आधीच ठरवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या कंपनीच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर तसल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्यामुळे बंपर कापायच्या आधी आरटीओत विचारा आणि इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवा. लोक हसतात, पण क्लेमच्या वेळी तोच कागद मागतात.

कोणी म्हणेल मग कंपनीची लहान स्टेपनीच ठेवतो. ठेवा की, दाराला बरंच आहे. फक्त बाकी तीन मोठे आणि एक लहान असताना फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा गिअर, टाकायचं नाही, चाकांना ताकद वाटून देणारे ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियल मरतात. जमलं तर लहान चाक पुढे घालून टू एचमध्ये, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांच्या ताकदीवर, सावकाश घरी यायचं, एवढ्यापुरतंच ते.

तपासायला दोन मिनिटं लागतात. चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे धरून जोरात हलवा. गाडी हलली तर ठीक, नुसतं चाक किंवा दार हललं तर झोल आहे. आवळलेल्या प्रत्येक नटावर नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढून ठेवा, अर्धी नटावर अर्धी पट्टीवर, नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. मी बायकोची लाल घेतली, तिला अजून माहीत नाही. नवीन कॅरियर लावला की पहिल्याच दिवशी गोव्याला पळू नका, जांबोटीपर्यंत जा, चहा सांगा आणि तो येईपर्यंत पाना घेऊन मागे जा. माझ्या सहापैकी दोन रेघा तुटल्या होत्या.