प्रश्नावली खरंच तेच मोजते का?

प्रबंधाचा मसुदा घेऊन येणारा जवळपास प्रत्येक विद्यार्थी मला आधी त्याच्या प्रश्नावलीचा क्रॉनबाख अल्फा हा आकडा दाखवतो. ०.८५ आला, छान. पण त्यातून प्रश्न एकमेकांशी जुळतात एवढंच कळतं. वैधता, म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जातंय का, ती अजून लांब आहे.

बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराची (भावना, नाती आणि स्वतःची प्रतिमा सतत अस्थिर राहणारा मानसिक विकार) मॅकलिन चाळणी घ्या: हो-नाही असे १० प्रश्न, ७ किंवा जास्त 'हो' आले की पुढची तपासणी. विकार खरंच आहे का हे पडताळायला, ती भरणाऱ्या सगळ्यांची एससीआयडी-५-पीडीसारखी संरचित मुलाखत (ठरलेल्या प्रश्नांवरून निदान करणारी) घ्या. सगळ्यांची जमत नसेल, तर कमी गुणवाल्यांपैकी काहींची तरी घ्याच. मुलाखत घेणाऱ्याला गुण माहीत नकोत. हे पथ्य मोडलं की पुढची सगळी आकडेमोड वाया.

आता समजा, चाळणी १०० पैकी ८० रुग्ण पकडते आणि विकार नसलेल्या १०० पैकी ८५ जणांना बरोबर सोडून देते. क्लिनिकमधल्या १००० जणांत २०० रुग्ण असतील, तर १६० खरे सापडतात आणि १२० जणांवर उगाच शिक्का बसतो. हीच चाळणी कॉलेजात न्या, जिथे हजारात २० रुग्ण आहेत: १६ खरे, १४७ खोटे! म्हणून नमुना कुठून घेतला, हे मी पहिल्याच पानावर मागते.

सोबत नैराश्याची प्रश्नावलीही द्या. दोन्हींचे गुण फारच एकत्र वर-खाली होत असतील, तर तुम्ही कदाचित सध्याची उदासीच मोजताय. काही महिन्यांनी, मन जरा निवळल्यावर, त्याच लोकांना पुन्हा बोलवा आणि चाळणीचे गुण टिकतात का ते पाहा. घटक विश्लेषण, म्हणजे प्रश्नांचे आपसात कोणते गट पडतात ते तपासणं, त्यानंतर, तेही नमुना पुरेसा मोठा असेल तर.