जुन्या थिएटरचा इतिहास शोधताय? या चुका टाळा

थिएटर बंद पडलं म्हणजे पाडलं, असं आपण सहज धरून चालतो. जुन्या चित्रपटगृहांच्या नोंदींमध्ये सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ब्युनोस आयर्सचं ग्रँड स्प्लेंडिड १९१९ मध्ये नाट्यगृह म्हणून उभं राहिलं, पुढे तिथे सिनेमे लागले आणि २००० पासून तिथे पुस्तकांचं दुकान आहे. बाल्कन्या आणि रंगवलेलं छत अजून जागच्या जागी आहे. न्यूयॉर्कच्या १७५व्या रस्त्यावरचं १९३० चं भव्य थिएटर १९६९ मध्ये चर्चकडे गेलं, म्हणूनच ते वाचलं. डेट्रॉइटच्या मिशिगन थिएटरात नक्षीदार छताखाली आज गाड्या उभ्या असतात.

म्हणून एका 'बंद' शब्दावर समाधान मानू नका. शेवटचा खेळ कधी झाला, इमारतीत दुसरं काय सुरू झालं, मालकी कधी बदलली आणि हातोडा पडलाच असेल तर कधी, हे चार वेगळे प्रश्न आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र पुरावा हवा. लंडनमधल्या टूटिंगचं ग्रॅनाडा पाहा. १९३१ मध्ये उघडलं आणि १९७३ मध्ये तिथले सिनेमे थांबले. जो संशोधक तिथेच वही मिटतो त्याच्या हातून पुढची गोष्ट निसटते. नंतर तिथे बिंगो हा आकडे जुळवायचा जुगार सुरू झाला, इमारत टिकली आणि २००० मध्ये तिला वारसा वास्तूचा सर्वोच्च दर्जा मिळाला. 'पाडणार' अशी बातमी सापडली तरी थांबा. तो मालकाचा इरादा असतो, घडलेली गोष्ट नव्हे.

नावामागे धावू नका, जागा धरा

शिकागोच्या इरोक्वा थिएटरला डिसेंबर १९०३ मध्ये आग लागली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ऐकणाऱ्याला वाटतं, इमारत जळून खाक झाली असणार. तसं झालं नाही. तीच इमारत पुढे हाइड अँड बेहमन्स म्युझिक हॉल आणि मग कलोनियल या नावाने चालली आणि १९२५ मध्ये पाडली गेली. त्याच जागी १९२६ मध्ये ओरिएंटल उभं राहिलं. त्याचं नावही पुढे दोनदा बदललं. म्हणजे जागा एक, इमारती दोन आणि नावं सहा! नावानुसार कागद लावले असते तर ही सहा वेगळी थिएटरं वाटली असती. उलटही होतं. मालक नवी इमारत बांधतो आणि जुनं लाडकं नाव तिकडे नेतो.

पत्त्यावरही आंधळा विश्वास नको. याच शिकागोत १९०९ मध्ये घरांचे क्रमांक नव्याने दिले गेले. त्याआधीचा क्रमांक आजच्या नकाशावर शोधलात तर भलत्याच चौकात पोहोचाल. चौक आणि शेजारच्या इमारती यांच्यावरून जागा पक्की करा.

जाहिराती एकट्या वाचू नका

तारखा काढायला वर्तमानपत्रातल्या सिनेमाच्या जाहिराती हा माझ्या मते सगळ्यात चांगला आधार, पण त्या वाचताना घाई होते. जाहिरात थांबली की थिएटर बंद झालं, असं लिहून मोकळं होऊ नका. मालकाने पैसे वाचवले असतील किंवा त्या वर्तमानपत्रातच संप असेल. दोन आठवडे पुढे-मागे पाहा, दुसरं वर्तमानपत्र काढा.

शेवटची जाहिरात मात्र बारकाईने वाचा. तळाशी 'उद्यापासून' म्हणून पुढच्या सिनेमाचं नाव असेल आणि तो सिनेमा तिथे लागलाच नसेल, तर काहीतरी अचानक घडलंय. आग, जप्ती, संप, परवान्याचा वाद. मग जाहिरातींचं पान सोडा आणि त्या आठवड्याच्या स्थानिक बातम्या चाळा. उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

उद्घाटनाची तारीखही अशीच फसवी. मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसचं उद्घाटन १९११ मध्ये झालं, तेव्हा काम अजून चालूच होतं. पायाभरणी, उद्घाटन आणि पहिला खेळ या तारखा एकाच रकान्यात कोंबू नका.

फोटो आणि भिंती

फोटोत दर्शनी भागावर सिनेमाचा बोर्ड दिसला की आपण सिनेमाचं वर्ष फोटोला चिकटवतो. पण जुने सिनेमे पुन्हा पुन्हा लागायचे, लहान थिएटरांत तर उशिराच यायचे. त्या वर्षावरून एवढंच ठरतं की फोटो त्याआधीचा नाही.

इमारत उभी असेल तर मागची बाजू पाहायला विसरू नका. सगळेच समोरची सजावट टिपतात. जुनी नायट्रेट फिल्म झटकन पेटायची, म्हणून ब्रिटनमध्ये १९०९ च्या कायद्याने प्रोजेक्टरची खोली प्रेक्षागृहापासून वेगळी आणि आगीला दाद न देणारी हवी असा नियम आणला. एखाद्या जुन्या हॉलच्या मागच्या भिंतीला नंतर जोडलेली प्रोजेक्टरची केबिन, तिच्या छोट्या खिडक्या आणि त्यांवर वरून पडणारी लोखंडी झडप दिसली, तर तिथे सिनेमा कसा आला याचा धागा मिळतो. आतली रंगमंचाची चौकट तोडून पडदा रुंद केलेला दिसला, तर ते काम बहुधा १९५३ नंतरचं, सिनेमास्कोप हे रुंद चित्राचं तंत्र आल्यावरचं.

आसनसंख्या नेहमी वर्षासकट लिहा. जाहिरातीत आकडा फुगवत, आणि नंतर खुर्च्या काढल्याही जात.

धागा तुटला तर

थिएटरच्या नावाने काही मिळेना, तर मालकाच्या किंवा कंपनीच्या नावाने शोधा. कोर्टातले खटले फार मोलाचे असतात. भाडेपट्ट्याच्या भांडणात इमारतीचं असं वर्णन मिळतं, जे कुठल्याही बातमीत नसतं. अमेरिकेतल्या थिएटरांसाठी सॅनबोर्न कंपनीचे विम्याचे नकाशे पाहा. भिंत विटांची की लाकडाची, हेही त्यांत रंगावरून कळतं.

जुना ऑपरेटर किंवा डोअरकीपर भेटला, तर 'कोणत्या साली बंद झालं?' हा प्रश्न पहिला विचारू नका. साल माणसं चुकवतात. 'शेवटचा सिनेमा कोणता लागला होता?' असं विचारा आणि तो जाहिरातींशी ताडून पाहा. शक्य झालं तर त्यांच्यासमोर कोरा कागद ठेवा आणि केबिनचा नकाशा काढायला सांगा: यंत्रं कुठे होती, रिळं कुठे ठेवायची, जिना कुठून यायचा.