बडोद्यात नव्याने राहायला आलात? सोसायटीतल्या भूकंपाच्या सरावाबद्दल

बदलीने, नोकरीने किंवा लग्न होऊन महाराष्ट्रातून इथे आलेल्या बहुतेकांना भूकंप म्हटलं की किल्लारी आठवतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालं होतं, आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. तेव्हापासून मनात एकच गोष्ट बसली आहे: हललं की बाहेर पळायचं. माळवदाच्या एकमजली घरात दार चार पावलांवर असेल तर ते बरोबरही आहे. पण गोत्री किंवा मांजलपूरच्या चौथ्या मजल्यावरून हादरे चालू असताना जिन्याकडे धावलात तर तीच सवय जिवावर बेतेल.

इथली आठवण वेगळी आहे. २६ जानेवारी २००१, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटं. भूकंपाचं केंद्र कच्छमध्ये भचाऊजवळ होतं, पण २०० किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. त्यातल्या पुष्कळ इमारतींत तळमजल्यावर फक्त खांब आणि पार्किंग होतं. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींमुळे ताठपणा येतो, खाली मात्र नुसते खांब असतात. जमीन हलली की सगळा वाक त्या खांबांच्या टोकांवर येतो आणि तिथेच ते तुटतात. भूकंपप्रवणतेच्या नकाशावर (झोनचा आकडा जितका मोठा, तितका धोका जास्त) कच्छ बरीच वर्षं झोन पाचमध्ये आणि बडोदा झोन तीनमध्ये आहे. नर्मदेचा भूकंपप्रवण पट्टाही लांब नाही. मार्च १९७० मध्ये भरुचला भूकंप झाला होता. म्हणून घर बघायला गेलात की किचनच्या ओट्याआधी पार्किंगचे खांब बघा. सिमेंट फुगलंय का, गंजलेली सळई दिसते का, दुकानासाठी तळमजल्याची भिंत पाडली आहे का, गच्चीवर मागाहून खोल्या चढवल्या आहेत का? यातलं काही दिसलं तर सोसायटीला स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यायला सांगा.

सरावाची विभागणी सरळ आहे: हादऱ्यांचं पहिलं मिनिट घरात, बाहेर पडणं त्यानंतर. वाका, झाका, धरा. गुडघ्यांवर बसायचं, मजबूत टेबलाखाली डोकं आणि मान घालायची, टेबलाचा पाय एका हाताने पकडायचा, कारण टेबल सरकतं. टेबल नसेल तर खिडकी आणि कपाटापासून दूर, आतल्या भिंतीलगत, दोन्ही हातांनी मान झाकून. अंथरुणात असाल तर तिथेच पालथं होऊन उशी डोक्यावर घ्यायची. व्हीलचेअरचा ब्रेक लावून पुढे वाकायचं. सरावात एक ते साठ मोठ्याने मोजा. पंचविसाव्या आकड्याला लोक उठायला लागतात. ते उठणंच मोडायचं आहे, म्हणून तेव्हा कुणी उठलं तर मोजणी पुन्हा एकपासून सुरू करा.

सराव बिघडतो तो ठरलेल्या जागी. पहिली चूक म्हणजे भोंग्याची वाट बघणं. खऱ्या भूकंपात भोंगा वाजत नाही. झुंबर हलणं, भांडी वाजणं हीच खूण. दुसरी, मिनिट संपलं की सगळे खाली येऊन पार्किंगमध्येच उभे राहतात, कारण तिथे सावली असते. म्हणजे इमारतीतल्या सर्वांत कमकुवत मजल्यात गर्दी. जमायची जागा कॉमन प्लॉट, जिथे नवरात्रात गरबा होतो. इमारतीच्या उंचीइतकं तरी अंतर, वर विजेच्या तारा नकोत, शेजारी ट्रान्सफॉर्मर नको. तिसरी चूक कुलपाची. कॉमन प्लॉटच्या फाटकाची किल्ली फक्त वॉचमनकडे असते आणि सरावाच्या दिवशी तो नेमका पाण्याची मोटर लावायला गेलेला असतो. किल्लीच्या तीन प्रती करा आणि तीन वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवा. घराच्या जाळीच्या दाराची किल्ली रात्री दारालगतच्या खिळ्यावर असावी, पर्समध्ये नको.

हजेरीसाठी नवी यादी करू नका. गरब्याच्या फाळ्याची (वर्गणीला इथे हाच शब्द) यादी घरवार तयारच असते. तिच्यात तीन रकाने वाढवा: घरात किती माणसं, मदतीशिवाय जिना कुणाला उतरता येत नाही, दिवसा कोण एकटं असतं. प्रत्येक मजल्याला एक माणूस नेमा, पण नोकरीवर जाणारा नको. दुपारी घरी असणाऱ्या काकू किंवा निवृत्त काका हवेत. यादी कागदावर, कारण मोबाईलची बॅटरी आणि नेटवर्क दोन्ही जाऊ शकतात.

आजी-आजोबांना उतरवायला हातांची भक्कम लाकडी खुर्ची घ्या. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय वजनाने फाकतात. कमरेला ओढणी बांधायची, पाय पुढे, एकाने पाठ धरायची, दुसऱ्याने पुढचे पाय. तिसरा पुढे चालत पायऱ्या मोजत जातो. हे आधी तरुण माणसाला बसवून करून बघा, म्हणजे वळणावर खुर्ची अडकते का ते कळेल. लिफ्ट वापरायची नाही.

निघताना गॅस. बाटला (सिलिंडरला इथे असंच म्हणतात) असेल तर रेग्युलेटर बंद. पाइपचा गॅस असेल तर व्हॉल्व्हची दांडी पाइपला आडवी झाली की बंद. वास येत असेल तर कुठलंही बटण दाबू नका, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. देवघरातलं निरांजन, उदबत्ती विझवायची. मागाहून धक्के येतात, म्हणून लाडका मोबाईल विसरला तरी परत वर जायचं नाही.

पहिला सराव रविवारी सकाळी करा, सहा महिन्यांनी दुसरा रात्री जेवणानंतर, जिन्यातले दिवे बंद करून. दुसऱ्यातच खरी उणीव कळते.

दांडिया बाजार, रावपुरा, मांडवीकडच्या पोळांत (अरुंद गल्लीतली जुनी वस्ती) किंवा जुन्या वाड्यात भाड्याने राहत असाल तर हिशोब बदलतो. लाकडी सांगाडा बराच तग धरतो, पण कठडे, सज्जे, कौलं गल्लीत पडतात. २००१ मध्ये अंजारला प्रजासत्ताक दिनाच्या मिरवणुकीतली शाळकरी मुलं अशाच अरुंद गल्लीत दोन्हीकडच्या घरांखाली सापडली. तेव्हा हादरे थांबेपर्यंत आतच, मग भिंतीकडे न बघता वर बघत, गल्लीच्या मधोमध चालत मोकळ्या जागेपर्यंत. ती जागा कोणती, ते पोळातल्या जाणत्यांना विचारून आधीच चालून बघा.

घरातलं एक काम या आठवड्यात करा. लोखंडी कपाटाला वरून दोन एल-पट्ट्या लावून भिंतीत अँकर फास्टनरने पक्कं करा. नुसता खिळा प्लास्टरमध्ये राहतो आणि पहिल्या झटक्यात कपाटासकट येतो. भिंत साडेचार इंची असेल तर लांब फास्टनर पलीकडे निघतो, म्हणून सुताराला आधी जाडी सांगा. माळ्यावरची पितळी पातेली खाली आणा, निदान पलंगाच्या वरची तरी. पिशवीत माणशी रोज ३ ते ४ लिटर हिशेबाने तीन दिवसांचं पाणी, आठवड्याची औषधं, टॉर्च, सुटे पैसे, खाखरा आणि शिंगचणा, आणि शिट्टी. ढिगाऱ्याखाली ओरडून घसा बसतो, धूळ आत जाते; शिट्टी लांब ऐकू जाते. जुनी चप्पल पिशवीत घालून पलंगाच्या पायाला बांधा, कारण अंधारात पहिली जखम फुटलेल्या काचेची होते.

प्रात्यक्षिक हवं असेल तर सोसायटीच्या लेटरहेडवर महापालिकेच्या अग्निशमन दलाला अर्ज करून विचारा. हालोल रस्त्यावर जरोदला एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) सहावी बटालियनही आहे. मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. फोन लागला नाही तर एसएमएस अनेकदा जातो. गावाकडच्या एकाच नातेवाइकाचा नंबर घरातल्या सगळ्यांनी पाठ करावा आणि खुशालीचा निरोप तिथेच द्यावा.

आणि चार शब्द गुजरातीचे, कारण गडबडीत शेजारी मराठीत हाक मारणार नाहीत: ‘धरतीकंप’ म्हणजे भूकंप, ‘दादर’ म्हणजे जिना, ‘बहार नीकळो’ म्हणजे बाहेर पडा. ‘धाबुं’ म्हणजे गच्ची. आपल्याकडच्या धाब्याच्या घराशी त्याची गल्लत करू नका, आणि भूकंपात कुणी धाब्यावर चला म्हणालं तरी जाऊ नका. पाण्याची टाकी तिथेच असते, १,००० लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन.