सह्याद्री जलरंगात उतरवताना

शाळेच्या चित्रकलेच्या वहीतला तो देखावा आठवा: दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली वळत येणारी नदी. क्लास न लावता, आपलं आपण जलरंग शिकणाऱ्यांचा हात पुढे कितीतरी वर्षं त्याच त्रिकोणाकडे वळतो. सह्याद्रीला तो त्रिकोण चालत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले आणि ते आजही जवळपास आडवेच आहेत. घट्ट बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचा, थर उभा तुटतो, तो कडा. सच्छिद्र, ठिसूळ थर झिजून उतरता होतो; तिथे माती धरते, गवत आणि झाडी येते. म्हणून कडा, उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार, आणि माथ्यावर बऱ्याचदा पठार. पायथ्याच्या बारी गावातून टोकदार दिसणारं कळसूबाईचं शिखरही (१६४६ मीटर) असंच पायऱ्यापायऱ्यांचं आहे. वाटेत लोखंडी शिड्या लागतात, त्या या उभ्या टप्प्यांवरच.

रेखाटनात हेच आधी पकडा. २बी पेन्सिलीने माथ्याची कडा काढली की लगेच कड्यांच्या तीन-चार आडव्या रेषा हलक्या हाताने टाका. एका सोंडेवरचा (डोंगराच्या खाली उतरत गेलेल्या धारेवरचा) कडा शेजारच्या सोंडेवर साधारण त्याच उंचीवर पुन्हा दिसतो, कारण थर तोच असतो. नवशिके प्रत्येक सोंडेला वेगळी उंची देतात आणि मग डोंगर मातीच्या ढिगाऱ्यासारखा दिसतो. पेन्सिल हात लांब करून आडवी धरा, चूक लगेच कळते. तशीच डोंगराची रुंदी आणि उंची मोजा. डोळ्याला डोंगर जेवढा उंच वाटतो तेवढा तो नसतो. तीन किलोमीटर पसरलेला आणि पायथ्यापासून ६०० मीटर उठलेला गड समोरून पाहिला तर कागदावर पाचास एक या प्रमाणातच यायला हवा. बहुतेकांचा तो दुप्पट उंच होतो.

सामानाचं थोडक्यात. कागद ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), खरबरीत पोताचा, शक्यतो कॉटनचा. आकार ११ × १५ इंच, म्हणजे इम्पीरियल शीटचा पाव भाग. स्वस्त २०० जीएसएम कागद ओला झाला की फुगतो, रंग खळग्यांत साचतो आणि दोष आपल्या हाताला लागतो. पैसे वाचवायचेच तर ब्रशवर वाचवा: गोल ६ आणि १२ नंबर, एक इंची फ्लॅट आणि बारीक रेषांसाठी रिगर पुरेत. रंग सहाच: अल्ट्रामरीन आणि कोबाल्ट ब्लू (दोन्ही निळे), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), लेमन यलो, लाइट रेड (विटकरी). काळा रंग पॅलेटमध्ये ठेवूच नका. बेसॉल्ट काळा म्हणून ओळखला जात असला तरी दुरून तो निळसर-तपकिरी दिसतो, आणि काळ्याने कड्याला भोक पडल्यासारखं होतं. पाण्याची भांडी दोन: एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याचं.

आता प्रत्यक्ष चित्र. हिवाळ्यातली सकाळ, नाणेघाटाच्या पठारावरून दक्षिणेला जीवधन किल्ला आणि शेजारी वानरलिंगीचा सुळका. ऊन डावीकडून येतं, त्यामुळे कोकणाकडची बाजू सावलीत असते. रंगाच्या दाटपणाची तीन मापं लक्षात ठेवा: ताकावरची निवळी, ताक आणि दही.

बोर्ड १५ अंशांनी तिरपा करा. कागद चारही बाजूंनी टेपने पक्का करून ओला करा. क्षितिजाकडे ऑकर आणि वर कोबाल्ट, दोन्ही निवळीइतके पातळ. हा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, डोंगराच्या जागेवरूनही खाली ओढायचा. माथ्याच्या रेषेपाशी थांबलात तर आकाश आणि डोंगर यांच्यामध्ये पांढरी चीर राहते आणि डोंगर कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

वाळल्यावर सर्वांत दूरची रांग घ्या: कोबाल्टमध्ये किंचित लाइट रेड, निवळीच. वरची कडा स्पष्ट ठेवा आणि खालची कडा स्वच्छ ओल्या ब्रशने विरघळवून टाका. सकाळचं धुकं दऱ्यांत तळाशी साचतं, त्यामुळे रांग माथ्याशी गडद आणि पायथ्याशी फिकी दिसते. याच्या उलट केलंत की धुकं जातं आणि डोंगर भिंतीसारखा उभा राहतो. पुढची रांग ताकाइतकी दाट, त्यात थोडं सिएना. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून ओला असताना थोडा जास्तच गडद वाटायला हवा.

मुख्य डोंगराला घाई नको. आधी संपूर्ण आकारावर ऑकर आणि चिमूटभर लाइट रेडचा फिका वॉश. हेच पुढे ऊन म्हणून उरणार आहे. तो पूर्ण वाळू द्या. मग अल्ट्रामरीन दोन भाग, बर्न्ट सिएना एक भाग असं मिश्रण भरपूर करून ठेवा, कारण मध्येच संपलं तर तोच रंग पुन्हा जुळत नाही. सगळी सावली एकच सलग आकार समजून, न थांबता, १२ नंबरने भरा. कड्यावर ब्रश उभा चालवा, उतारावर उताराच्या दिशेने तिरपा. सावली ओली असतानाच तळाकडे शुद्ध सिएनाचा एखादा थेंब सोडा. समोरच्या उन्हातल्या गवतावरून परत येणारा उजेड त्यातून दिसतो. आणि मग हात मागे घ्या. अर्धवट सुकलेल्या रंगात पाण्याचा ब्रश लावला की पाणी रंगकणांना कडेला ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो. असा डाग पडलाच तर वाळू द्या. त्याच क्षणी पुसायला गेलात तर आणखी पसरतो.

उन्हातल्या कड्यावर जवळजवळ कोरडा ब्रश आडवा धरून घासा. कागदाच्या पोतावर रंग तुटक बसतो आणि खडक आपोआप दिसतो. एकेक भेग काढत बसू नये. झाडीचे पट्टे सर्वांत शेवटी, आणि फक्त दोन कड्यांमधल्या उतारांवर. हिरवा लेमन यलो आणि अल्ट्रामरीनचा, त्यात सिएना घालून मळवलेला. एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंग गेले की चिखल झालाच म्हणून समजा. पुढचं वाळलेलं गवत दह्याइतक्या दाट रंगात आणि थोडक्यात संपवा.

पावसाळ्यातला डोंगर रंगवायचा असेल तर नुसता हिरवा ओतू नका. दूरचा हिरवा निळ्याकडे झुकतो. पिवळसर हिरवा फक्त पायाशी. धबधब्यासाठी कागद कोरा सोडावा, नंतर लावलेला पांढरा रंग खडूसारखा दिसतो.

फोटोवरून काम करणाऱ्यांसाठी एक सूचना: मोबाइलची रुंद लेन्स दूरचे डोंगर बुटके करते आणि सावल्या काळ्या ठोकळ्यासारख्या टिपते. २एक्स झूमने फोटो घ्या, आणि सावलीत खरंच कोणते रंग दिसत होते ते जागेवरच दोन शब्दांत लिहून ठेवा.

मोठ्या चित्राआधी त्याच डोंगराचे पोस्टकार्डाएवढे चार-पाच अभ्यास (सरावाची छोटी चित्रं) एकाच रंगात करा: फिका, मध्यम, गडद, एवढ्या तीनच छटा, प्रत्येकी वीस मिनिटं. डोंगर बदलायचा नाही, फक्त वेळ बदलायची. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने सकाळी तो पूर्ण निळ्या सावलीत असतो आणि दुपार कलल्यावर त्यावर तांबूस ऊन चढतं. एकाच कड्याचे हे दोन अभ्यास शेजारी ठेवले की सावलीचा आकार किती महत्त्वाचा ते समजतं.

टेप काढताना कागदाच्या बाहेरच्या दिशेने, तिरपी, सावकाश ओढा. पावसाळी हवेत कागद वरून वाळलेला वाटतो, पण तळहाताची मागची बाजू लावल्यावर गार लागला तर आत ओल आहे; तेव्हा टेप ओढली तर कागदाचा पापुद्रा तिच्याबरोबर येतो.