कॅलिफोर्नियात रायफल आणि तिचा स्टॉक निवडताना या चुका टाळा

कॅलिफोर्नियात नवा माणूस बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी एआर-15 रायफलचा लोअर (ट्रिगर आणि मॅगझिन बसतं तो खालचा सांगाडा) घेतो, मग ग्रिप (हाताची मूठ), स्टॉक (खांद्याला टेकवायचा दस्ता), नळीच्या तोंडाला लावायचं काहीतरी असं एकेक मागवतो आणि सगळं जोडून झाल्यावर विचारतो, हे कायद्यात बसतं का? नसेल बसत, तर जोडलं तेव्हाच गुन्हा घडून गेलेला असतो. इथे बेकायदा 'असॉल्ट वेपन' (राज्याने बंदी घातलेल्या प्रकारची बंदूक) तयार करण्याला 4, 6 किंवा 8 वर्षांची कैद आहे. यूट्यूबवर टेक्सासमधल्या माणसाने जे लावलं ते आपणही लावायचं, ही घाई या राज्यात महागात पडते.

व्हिसा न बघता बंदुकीला हात लावणं

आपल्या मराठी मंडळींसाठी हे सगळ्यात आधी. एफ-1, एच-1बी, एच-4, एल-1 हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसा. या व्हिसावर असलेल्याला संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. ठळक अपवाद म्हणजे मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. त्याची मुदत संपली की सूटही संपली. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही.

"विकत थोडीच घेतोय, मित्राबरोबर रेंजवर दहा गोळ्या मारून येतो" असं सर्रास बोललं जातं. पण रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणं हेसुद्धा बाळगणंच. 2019 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला रेहैफ खटला याच कलमाखालचा होता. फ्लोरिडात विद्यार्थी व्हिसावर आलेला मुलगा, विद्यापीठाने काढून टाकल्यावरही देशातच राहिला. एका रेंजवर जाऊन त्याने दोन बंदुका चालवल्या आणि त्याच्यावर फौजदारी खटला उभा राहिला. आपला इमिग्रेशनचा दर्जा त्याला माहीत होता हे सरकारने सिद्ध करायला हवं, असं न्यायालयाने म्हटलं. कलम मात्र जागच्या जागी आहे. ऑफिसच्या टीमने रेंजवर जायचा बेत केला तरी आधी आपला व्हिसा पाहा.

ग्रिप डोळ्यांनी ठरवणं

राज्याच्या दंडसंहितेचं कलम 30515 सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध प्रायमर, म्हणजे ठिणगीची टोपी असलेल्या) सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या) रायफलबद्दल आहे. मॅगझिन (काडतुसांची पेटी) सुटं निघत असेल, तर पुढच्यापैकी एकही गोष्ट चालत नाही: ठळकपणे खाली उतरलेली पिस्तूल ग्रिप, अंगठ्याच्या भोकाचा स्टॉक, घडीचा किंवा मागेपुढे सरकणारा स्टॉक, फ्लॅश सप्रेसर (नळीच्या तोंडाची झळाळी कमी करणारा तुकडा), पुढची उभी ग्रिप, ग्रेनेड किंवा फ्लेअर लाँचर. यातलं काहीही नसलेल्या रायफलला सगळे 'फीचरलेस' म्हणतात.

ग्रिप किती खाली उतरली, किती तिरकी आहे, यावर लोक वाद घालत बसतात. नियमातली कसोटी वेगळीच आहे. गोळी मारताना अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी ट्रिगरच्या उघड्या भागाच्या वरच्या टोकाखाली जाऊ शकते का, एवढंच बघायचं. जाऊ शकत असेल तर ती पिस्तूल ग्रिप. म्हणूनच फिन ग्रिपला मागे पातं असतं, ते अंगठा पलीकडे वळू देत नाही. हाताला टोचतं म्हणून लोक ते पातं कानशीने घासतात. घासता घासता अंगठा वळू लागला की त्या ग्रिपचा उपयोग संपला. टोचत असेल तर दुसऱ्या आकाराची ग्रिप घ्या, कानस बाजूला ठेवा.

फिन ग्रिपवर उजव्या हाताचा अंगठा उजवीकडेच राहतो आणि डावीकडच्या सेफ्टीपर्यंत पोहोचत नाही. मग लोक सेफ्टी उघडीच ठेवून बसतात. हे अजिबात करू नका. दोन्ही बाजूंना खटका असलेला सिलेक्टर (सेफ्टीचा खटका) ग्रिपबरोबरच मागवा.

ग्रिप आणि स्टॉक बदलताना होणारी नासधूस

एआरची ग्रिप एका 1/4-28 आट्याच्या स्क्रूवर बसते, त्यामुळे काम दोन मिनिटांचं वाटतं. पण सिलेक्टरची बारीक स्प्रिंग आणि डिटेंट पिन त्या ग्रिपनेच जागेवर धरलेली असते. रायफल रिकामी केल्याची खात्री करा, लोअर उलटा धरा आणि मगच स्क्रू काढा, म्हणजे स्प्रिंग जमिनीवर उडणार नाही. नवी ग्रिप बसवताना स्प्रिंग सरळ तिच्या भोकात गेली पाहिजे. वाकली तर सेफ्टीचा 'टक' हरवतो.

दुसरी चूक याहून मोठी. सरकता स्टॉक काढून ए2 चा स्थिर स्टॉक लावायचा, त्यासाठी त्याच्या आतली लांब रायफल ट्यूब बसवायची, पण बफर (ट्यूबमध्ये धक्का झेलणारा तुकडा) जुनाच ठेवायचा. कार्बाइन बफर साधारण सव्वातीन इंच लांब, रायफल बफर जवळपास सहा इंच. लांब ट्यूबमध्ये आखूड बफर टाकला की बोल्ट कॅरियर (प्रत्येक गोळीला मागेपुढे धावणारा भाग) गरजेपेक्षा मागे जातो आणि त्याच्यावरची गॅस की (वायू घेणारी छोटी नळी) लोअरच्या मागच्या कडेवर आदळते. काही फैरींत कडेला खोक पडते, गॅस की सैल होते. ट्यूब, बफर आणि स्प्रिंग हे तिन्ही एकाच जातीचे घ्या. एवढं करायचं नसेल तर कार्बाइन ट्यूबवरच बसणारा स्थिर स्टॉक मिळतो. आहे तोच सरकता स्टॉक पिन ठोकून कायमचा अडकवायचा असेल, तर आधी लांबी ठरवा. ए2 स्टॉक ए1 पेक्षा 5/8 इंचाने लांब असतो आणि आपल्याकडच्या मध्यम उंचीच्या माणसाला बरेचदा लांबच पडतो.

मॅगझिन अडकवून 'सगळी फीचर्स' ठेवणं

2017 पासून स्थिर मॅगझिन म्हणजे ॲक्शन (काडतूस भरणारी-उडवणारी यंत्रणा) उघडल्याशिवाय न निघणारं. असं केलं की पिस्तूल ग्रिप ठेवता येते, म्हणून नवशिके याच्या मागे धावतात. एकदा दोन काडतुसं एकदम आत अडकली आणि कॅरियर अर्धवट मागे राहिला की खरी अडचण कळते. कॅरियर बफर ट्यूबमध्ये घुसलेला असल्याने रायफल मधून उघडत नाही आणि उघडत नाही म्हणून मॅगझिनही निघत नाही. भरलेली, अडकलेली रायफल हातात आणि नेहमीचे उपाय बंद. फक्त दिसण्यासाठी पत्करायचा हा धोका नव्हे. फीचरलेसच करा.

बाकीच्या चुका

- मझल ब्रेक (नळीच्या तोंडाला लावायचा, धक्का कमी करणारा तुकडा) म्हणून घेतलेला 'हायब्रिड' तुकडा. उत्पादकाने जाहिरातीत झळाळी कमी होते असं म्हटलं असेल तर तो फ्लॅश सप्रेसरच धरला जातो.
- रायफलच्या किमान एकूण लांबीचं, म्हणजे 30 इंचांचं, माप चुकीचं घेणं. स्टॉक पूर्ण आत ढकलून मोजायचं, आणि नळीच्या तोंडाला कायमची न जोडलेली वस्तू मोजायची नाही.
- जुनी 'बुलेट बटन' (गोळीच्या टोकासारख्या अवजाराने दाबून मॅगझिन काढायचं बटन) असलेली रायफल घेणं. 2017 पासून ते बटन स्थिर मॅगझिनमध्ये मोडत नाही.
- न्यायालयाच्या बातमीवर विसंबणं. 2021 आणि 2023 मध्ये जिल्हा न्यायालयाने असॉल्ट वेपनवरची बंदी घटनाबाह्य ठरवली, दोन्ही वेळा वरच्या न्यायालयाने स्थगिती दिली.
- तीच रायफल घेऊन न्यूयॉर्कला राहायला जाणं. तिथे मझल ब्रेक आणि आट्यांची नळीसुद्धा यादीत आहे, आणि व्याख्या सेंटरफायरपुरती नाही. कॅलिफोर्नियात चालणारी, अंगठ्याच्या भोकाचा स्टॉक आणि सुटं मॅगझिन असलेली .22 सेमी-ऑटो (जी सेंटरफायर नसते) तिथे अडकते.

एआरच हवी, हा हट्ट

रुगर मिनी-14 रँच तीच .223 काडतुसं मारते, तिचा स्टॉक मुळातच पारंपरिक आहे आणि फ्लॅश सप्रेसर नसतो. 10 काडतुसांपर्यंतचं मॅगझिन लावा, बाकी काही बदलावं लागत नाही. त्याच कंपनीच्या टॅक्टिकल मॉडेलला मात्र फ्लॅश सप्रेसर येतो, तेव्हा नाव नीट वाचा. एसकेएस मूळच्या 10 काडतुसांच्या स्थिर मॅगझिनची असेल तरच घ्या. सुट्या मॅगझिनची एसकेएस नावानिशी बंदीच्या यादीत आहे.

बोल्ट ॲक्शनला (दर गोळीला बोल्ट हाताने ओढायच्या रायफलला) फीचर्सची यादी लागूच नाही, त्यामुळे अंगठ्याच्या भोकाचा स्टॉकही चालतो. पहिली रायफल म्हणून हीच सगळ्यात शहाणी निवड. लिव्हर ॲक्शनच्या (ट्रिगरखालचा दांडा हलवून भरायच्या रायफलच्या) नळीच्या मॅगझिनला 10 काडतुसांची मर्यादासुद्धा नाही. फक्त त्या नळीत टणक, टोकदार गोळ्या भरू नका. काडतुसं एकामागे एक बसतात, मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकतं आणि धक्क्याने ते नळीतच उडू शकतं. चपट्या किंवा मऊ लवचीक टोकाच्याच गोळ्या घ्या.