बडोद्याहून जर्मनीत नोकरीसाठी जाताना: पात्रता, कागद, पगार आणि व्हिसा

परदेशी नोकरीचा विचार करणारा बडोद्याचा मराठी तरुण बहुधा आधी देश ठरवतो, मग अलकापुरीतल्या एखाद्या व्हिसा सल्लागाराकडे जातो, आणि आपले शिक्षण त्या देशात कशात मोडते हा प्रश्न त्याच्यापुढे पहिला हप्ता भरून झाल्यावर येतो. जर्मनीसाठी हा क्रम उलटा करावा लागतो. तिथल्या कायद्यात शैक्षणिक पात्रतेवरून कोणती नोकरी चालेल हे ठरते, नोकरीच्या पगारावरून व्हिसाचा प्रकार ठरतो आणि व्हिसाच्या प्रकारावरून कुटुंब केव्हा नेता येईल व कायमचा परवाना किती महिन्यांत मिळेल हे ठरते. पहिल्या पायरीवर घोळ राहिला, तर पुढे कितीही पैसे ओतले तरी तो निस्तरत नाही. पुढील माहिती मुख्यतः मकरपुरा, नंदेसरी आणि सावलीच्या कारखान्यांत काम करणारे अभियंते, डिप्लोमाधारक व आयटीआय झालेले कारागीर यांच्यासाठी आहे.

कुशल कामगारांसाठीचा जर्मन स्थलांतर कायदा १ मार्च २०२० रोजी लागू झाला आणि नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ या काळात तो टप्प्याटप्प्याने सैल करण्यात आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याची घोषणा केली. आपल्याकडील जाहिरातींत हाच आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. मात्र घोषणेमुळे अर्जाची छाननी कमी झालेली नाही, हे त्या जाहिरातींत नसते.

पदवी असेल तर

पदवीधरांनी सर्वप्रथम ‘अनाबिन’ ही जर्मन सरकारी माहितीसूची पाहावी. ती इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. तीत दोन वेगवेगळ्या नोंदी शोधायच्या असतात. पहिली नोंद विद्यापीठाची, जिच्यापुढे ‘एच प्लस’ (म्हणजे जर्मनीत मान्यता असलेले विद्यापीठ) हा शेरा असावा लागतो. दुसरी नोंद पदवीची, म्हणजे आपली बी.ई. किंवा बी.टेक. जर्मन पदवीच्या तोडीची धरली जाते की नाही याची. शोध पदवी देणाऱ्या विद्यापीठाच्या नावाने करावा, महाविद्यालयाच्या नावाने नव्हे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेतून बाहेर पडलेल्यांचा यात गोंधळ होत नाही, परंतु वाघोडिया रस्त्यावरच्या किंवा अन्य खासगी महाविद्यालयांत शिकलेल्या अनेकांची पदवी गुजरात तंत्रज्ञान विद्यापीठाची असते, आणि ते महाविद्यालयाचे नाव शोधून ‘आमचे नाव यादीत नाही’ म्हणून निराश होतात. दोन्ही नोंदी सापडल्या की त्या पानांची छापील प्रत काढून ठेवावी, कारण ती व्हिसाच्या अर्जाला जोडावी लागते. नोंद अपुरी असेल तर बॉन येथील परदेशी शिक्षणविषयक केंद्रीय कार्यालयाकडून पदवीच्या तुल्यतेचे प्रमाणपत्र मागवावे. त्याचे शुल्क २०८ युरो आहे आणि अर्ज घरबसल्या करता येतो.

जर्मनीत ‘अभियंता’ ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे. अभियंत्याचे काम करायला ती लागत नाही, परंतु नावापुढे ती लावायची असेल तर संबंधित राज्याच्या अभियंता मंडळाची परवानगी घ्यावी लागते. नोकरी शोधताना या परवानगीच्या मागे लागण्याची गरज नाही.

आयटीआय किंवा डिप्लोमा असेल तर

पदवी नसलेल्यांसाठी मार्च २०२४ पासून एक महत्त्वाची वाट खुली झाली आहे. आपल्या देशात शासनमान्य आणि किमान दोन वर्षांचे व्यावसायिक प्रशिक्षण झालेले असेल, गेल्या पाच वर्षांत त्या कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव असेल आणि ठरावीक पगाराची नोकरी हातात असेल, तर जर्मनीत पात्रतेची पूर्ण मान्यता न घेताही तिथे काम करता येते. ही पगाराची अट २०२५ साठी वर्षाला ४३,४७० युरो होती. जर्मन कंपनी सामूहिक वेतनकराराने बांधलेली असेल तर तिच्यातून सूट मिळू शकते.

इथे ‘दोन वर्षे’ या अटीकडे नीट पाहावे. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन आणि आपल्या रासायनिक पट्ट्यात सर्रास केला जाणारा अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट हे आयटीआयचे ट्रेड दोन वर्षांचे आहेत. वेल्डरचा ट्रेड मात्र एक वर्षाचा आहे. चांगल्या वेल्डरला तिकडे मागणी असली, तरी केवळ त्या एका प्रमाणपत्रावर या वाटेने जाता येत नाही, आणि ही गोष्ट त्याला सल्लागाराने पहिल्या भेटीतच सांगायला हवी. एखादा सल्लागार ‘वेल्डर चालेल, नंतर बघू’ म्हणत असेल तर तिथून उठावे.

नोकरी हातात नसताना जाऊन शोधायची असेल तर १ जून २०२४ पासून ‘ऑपॉर्च्युनिटी कार्ड’ आहे. ते एका वर्षाचे असते, त्यावर आठवड्याला वीस तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येते, आणि ज्यांच्या पात्रतेला जर्मनीत पूर्ण मान्यता नाही त्यांना किमान सहा गुण मिळवावे लागतात. गुणांखेरीज जर्मनची ए१ किंवा इंग्रजीची बी२ पातळी (ए१ ही सर्वांत प्राथमिक, पुढे ए२, बी१, बी२ अशा चढत्या पातळ्या) आणि दोन वर्षांचे शासनमान्य प्रशिक्षण या अटी आहेतच. नंदेसरीच्या एखाद्या कारखान्यात ऑपरेटर असलेला, आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड केलेला २९ वर्षांचा माणूस घ्या. गेल्या सात वर्षांत पाच वर्षे अनुभव असल्यास त्याला तीन गुण मिळतात, वय पस्तिशीच्या आत असल्याने दोन, आणि जर्मनची ए२ परीक्षा दिली तर एक. सहा गुण झाले. तोच माणूस ए२ न करता गेला तर तो पाचावर अडकतो, म्हणजे त्याच्या बाबतीत सगळी गोष्ट एका भाषा-परीक्षेवर येऊन ठेपते. या कार्डासाठी खर्चाची तजवीजही दाखवावी लागते. २०२५ मध्ये ती महिना १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो इतकी होती आणि बहुतेक जण ती ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे जिथून महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, ठेवतात. एवढी रक्कम कर्ज काढून ठेवणाऱ्याने, वर्षभरात मनासारखी नोकरी न मिळाल्यास हप्ते कोण भरणार, हे घरात आधी बोलून घ्यावे. माझ्या मते हातात नोकरी घेऊन जाणे केव्हाही श्रेयस्कर. हे कार्ड त्यांच्यासाठी आहे ज्यांची भाषा आणि गाठीचा पैसा दोन्ही भक्कम आहेत.

नावे आणि अनुभवपत्रे

गुजरातेत वाढलेल्या मराठी माणसाच्या कागदांत एक हमखास अडचण असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाला ‘भाई’ जोडलेले, आधार कार्डावर तेच नाव ‘राव’ लावून, आणि पासपोर्टवर नुसतेच. दत्तात्रयसारख्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग एका ठिकाणी शेवटच्या ‘ए’सह आणि दुसऱ्या ठिकाणी त्याशिवाय असते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या कागदांत तर दोन संपूर्ण वेगळी नावे असतात. आपल्याकडे कारकून हे समजून घेतो. जर्मन अधिकाऱ्याला मात्र ‘भाई’ हा नावाचा भाग नाही हे ठाऊक असण्याचे कारण नाही. म्हणून पासपोर्टवरचे नाव प्रमाण धरून इतर सर्व कागद त्याच्याशी पडताळावेत, छोट्या फरकांसाठी प्रतिज्ञापत्र करावे आणि मोठ्या फरकांसाठी राजपत्रातील नावबदलाची प्रक्रिया वेळेत सुरू करावी. पासपोर्टच चुकीचा असेल तर बडोद्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात तो आधी दुरुस्त करून घ्यावा, कारण त्याचा क्रमांक पुढच्या प्रत्येक अर्जात येतो.

अनुभवपत्राचीही अशीच गत असते. लहान कारखान्याचे पत्र बहुधा ‘अमुक यांनी आमच्याकडे तमुक काळात काम केले, त्यांची वर्तणूक चांगली होती’ एवढ्यावर संपते. जर्मन मालक आणि व्हिसा अधिकारी या दोघांनाही वर्तणुकीपेक्षा काम कळायला हवे असते. पत्रात ‘सीएनसी लेथवर जॉब सेटिंग, मायक्रोमीटर व बोअर गेजने तपासणी, ड्रॉइंग वाचून प्रोग्राममध्ये दुरुस्ती; आठवड्याला ४८ तास, पूर्णवेळ’ असा मजकूर असावा. मालक टाळाटाळ करत असेल तर मसुदा आपणच टाइप करून द्यावा. खरे काम लिहिलेले असेल तर लेटरहेडवर सही करायला सहसा कोणी नाही म्हणत नाही. नोकरी सोडण्याच्या आधी हे पत्र मिळवावे, कारण एकदा रुसवा आला की ते मिळणे अवघड होते. पगारपत्रके, फॉर्म १६ आणि पीएफचा उतारा त्याच्या जोडीला ठेवावा.

भाषा

आयटीतील काही नोकऱ्या निव्वळ इंग्रजीवर मिळतात. कारखान्यात, देखभाल विभागात किंवा बांधकामावर मात्र फोरमन जर्मनच बोलतो आणि सुरक्षिततेच्या सूचनाही जर्मनमध्येच असतात, त्यामुळे बी१ ही खऱ्या अर्थाने कामाची पातळी समजावी. परीक्षेसाठी गोएथे, टेल्क किंवा ओएसडी यांचेच प्रमाणपत्र घ्यावे. गल्लीतल्या क्लासने दिलेले ‘ए१ पूर्ण’ हे पत्र दूतावासात चालत नाही. अहमदाबादला गोएथे-झेंट्रुम आहे आणि पुण्या-मुंबईला मॅक्सम्युलर भवन, त्यामुळे सुट्टीत नातेवाइकांकडे राहून परीक्षा देणे बडोदेकरांना तसे सोपे जाते.

नोकरी, पगार आणि ब्लू कार्ड

जर्मन बायोडेटा तक्त्यासारखा आणि दोन पानांत मावणारा असावा, त्याला पदवी, गुणपत्रिका व अनुभवपत्रे एकाच पीडीएफमध्ये जोडावीत. शोध ‘मेक इट इन जर्मनी’ या सरकारी संकेतस्थळावर, तिथल्या सरकारी रोजगार कार्यालयाच्या जाहिरातींत आणि लिंक्डइन व स्टेपस्टोनवर करावा. ज्या जर्मन कंपन्यांच्या शाखा किंवा पुरवठादार बडोद्याच्या परिसरात आहेत, त्यांच्याकडे आधी अर्ज करण्यात शहाणपण आहे, कारण त्यांना मकरपुऱ्यातल्या कामाची प्रत समजावून सांगावी लागत नाही.

पदवीधराने पगाराची बोलणी करताना ईयू ब्लू कार्डाची, म्हणजे ठरावीक पगाराच्या नोकरीवर पदवीधरांना मिळणाऱ्या निवास परवान्याची, किमान पगाराची मर्यादा समोर ठेवावी. २०२५ साठी ती वर्षाला ४८,३०० युरो होती, आणि अभियांत्रिकीसारख्या टंचाईच्या व्यवसायांत ४३,७५९.८० युरो. हे आकडे दर जानेवारीत बदलतात, म्हणून अर्ज ज्या वर्षात जाणार त्या वर्षाचा आकडा पाहावा. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला भाषेच्या परीक्षेची अट नसते आणि लगेच नोकरी करता येते. स्वतः धारकाला बी१ जर्मन असेल तर २१ महिन्यांत आणि ए१ असेल तर २७ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. पन्नास युरोंनी मर्यादा चुकत असेल तर मालकाशी स्पष्ट बोलावे. ही अट त्यांनाही माहीत असते.

४८,३०० युरो म्हणजे महिना ४,०२५ हा कपातीपूर्वीचा पगार झाला. कर, आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतनाची वर्गणी कापून एकट्या माणसाच्या हातात साधारण अडीच ते पावणेतीन हजार युरो येतात. घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत मागू शकतो. रुपयांत गुणाकार करून घरी आकडा सांगण्यापूर्वी ही वजाबाकी करावी.

परिचारिका आणि करारपत्रे

परिचारिका आणि डॉक्टर यांचे व्यवसाय नियमनाखाली येतात, त्यामुळे त्यांना व्यवसायाची अधिकृत मान्यता घ्यावीच लागते. परिचारिकांना सामान्यतः बी२ जर्मन आणि गरजेनुसार ज्ञानचाचणी किंवा पूरक प्रशिक्षण करावे लागते. भाषा शिकवण्याचा खर्च उचलणारे भरतीदार अनेकदा ‘इतक्या वर्षांआधी सोडल्यास पैसे परत’ असे कलम घालतात. परदेशाच्या खर्चापोटी लिहून दिलेले करारपत्र बडोद्याला नवे नाही: १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचे त्यांनी लिहून दिले होते. करार वाईट नसतो, परंतु परतफेडीची रक्कम आणि ती वर्षागणिक कशी घटते हे त्यात आकड्यांत लिहिलेले हवे.

परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. त्याचा क्रमांक ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो, आणि त्याने उमेदवाराकडून घ्यायच्या शुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. फक्त अर्ज भरून देणारा सल्लागार भरती करू शकत नाही. ‘जॉब गॅरंटी’ची पावती तो देत असेल तर ती पावती लिहून देण्याचा त्याला अधिकारच नाही. टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथे नोकरीचा परवाना करून घेऊ, असे कोणी सांगत असेल तर ते सरळ खोटे आहे.

व्हिसा आणि पहिले दोन आठवडे

गुजरातच्या रहिवाशांचे अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. २०२५ पासून राष्ट्रीय (म्हणजे दीर्घ मुदतीच्या) व्हिसाचा अर्ज आधी ऑनलाइन पोर्टलवर भरून कागद तपासून घेता येतात, आणि त्यानंतर बोटांच्या ठशांसाठी प्रत्यक्ष जावे लागते. शुल्क ७५ युरो. मालकाला घाई असेल तर तो जर्मनीतील परकीय नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून जलद प्रक्रिया सुरू करू शकतो. हा अर्ज मालकानेच करायचा असतो, म्हणून ऑफर लेटर आल्यावर लगेच त्याला तसे विचारावे. व्हिसा पासपोर्टवर चिकटण्यापूर्वी बडोद्याची नोकरी सोडू नये, आणि तीन महिन्यांचा नोटिस पिरियड असेल तर रुजू होण्याची तारीख मालकाकडून तेवढी पुढे लिहून घ्यावी.

जर्मनीत पोहोचल्यावर राहत्या पत्त्याची नोंद दोन आठवड्यांत नगरपालिकेत करायची असते, आणि त्यासाठी घरमालकाचे सहीचे पत्र लागते. पहिली खोली ऑनलाइन घेताना हे पत्र मिळेल का, हे पैसे पाठवण्यापूर्वी विचारावे. अनेक तात्पुरत्या खोल्यांचे मालक ते देत नाहीत. या नोंदीनंतरच कर क्रमांक टपालाने येतो, आणि तो मालकाकडे पोहोचेपर्यंत पहिल्या पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. जास्तीचा कापलेला कर पुढे परत मिळतो, पण पहिला महिना त्या हिशेबाने हातात पैसे ठेवून काढावा लागतो.