फ्रेमवरून सिनेमा ओळखा: सगळी गंमत पहिल्या फ्रेमची

एका सिनेमाच्या सहा फ्रेम, अवघडाकडून सोप्याकडे. पहिलीवर ओळखला तर 6 गुण, सहावीवर 1. प्रत्येक फ्रेमला 45 सेकंद. तासाभराच्या ऑनलाइन बैठकीला आठ सिनेमे पुरे.

फोनवर ओटीटीचा स्क्रीनशॉट घ्यायला गेलात तर बहुतेक वेळा नुसतं काळं चित्र येतं. यूट्यूबवर अधिकृतपणे टाकलेला सिनेमा कॉम्प्युटरवर लावा, सबटायटल बंद करा, पॉज करा आणि स्वल्पविराम-पूर्णविरामाच्या कळांनी एकेक फ्रेम मागेपुढे सरका. कोपऱ्यातला चॅनेलचा लोगो कापून टाका.

आता पहिली फ्रेम. खेळ फसतो तो इथेच. ‘अवघड’ म्हणजे काहीच न दिसणारी, असा समज करून लोक ढगाळ आभाळ, रिकामा रस्ता, बंद दार असलं काहीतरी टाकतात. ते कुठल्याही सिनेमातलं असू शकतं, म्हणजे ते कोडंच नव्हे, लॉटरी आहे. पहिल्या फ्रेममध्ये उत्तर असलंच पाहिजे, फक्त ते चेहऱ्यात नसावं.

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (2009) घ्या, म्हणजे दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा सिनेमा कसा बनवला त्याची गोष्ट. पहिली फ्रेम कुंडीतल्या रोपट्याची. बाकीच्यांना ती बागकाम वाटेल. पण 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’आधी फाळक्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना थोडं थोडं चित्रित केलं होतं, हे ज्याला आठवेल तो तिथेच 6 गुण घेऊन जाईल. दुसरी-तिसरी काळ सांगणारी: कपडे, दिवे, घरातलं सामान. चौथीत कॅमेरा. पाचवीत साड्या नेसून सराव करणारे पुरुष, पाठमोरे. सहावीत फाळक्यांच्या भूमिकेतले नंदू माधव, समोरून. पाचवी आणि दुसरीची अदलाबदल करून बघा, खेळ लगेच संपतो.

रंगावर फार विसंबू नका. ‘सिंहासन’ 1979 चा असूनही कृष्णधवल आहे. त्याची मंत्रालयातली फ्रेम दिली की निम्मे लोक पन्नासच्या दशकात शोधत बसतात. असा चकवा चालतो, कारण तो सिनेमातूनच आलेला असतो. चित्र धूसर करणं, उलटं फिरवणं, त्यावर काळे चौकोन ठेवणं हे मात्र चकवे नव्हेत, आळस आहे. आरशातल्यासारखी उलटी केली तर पाट्या उलट्या दिसतात आणि सदऱ्याची बटणं भलत्या बाजूला जातात, म्हणजे चलाखी उघडीच पडते.

गूगल लेन्स लावणारे असणारच. पोस्टर आणि ट्रेलरमधलं दृश्य लेन्सला चटकन सापडतं, म्हणून ती दोन्ही आधी बघून घ्या आणि त्यातलं काही वापरू नका. त्याच प्रसंगातली, पण नट फ्रेमबाहेर गेल्यानंतरची फ्रेम घ्या. पाठवण्याआधी प्रत्येक फ्रेम स्वतः लेन्सवर टाकून पाहा. नाव आलं तर ती पाचवी-सहावीला ठेवा, नाहीतर काढून टाका.

व्हॉट्सअॅपवर खेळत असाल तर फ्रेम फोटो म्हणूनच पाठवा. डॉक्युमेंट म्हणून पाठवली की फाइलचं नाव दिसतं, आणि तिथे ‘सिंहासन-1’ लिहिलेलं असलं की झालं! उत्तरं ग्रुपवर नकोत, तुमच्याकडे खासगीत. एकाला एका फ्रेमवर एकच अंदाज, नाहीतर लोक दहा नावं ओततात. चार पर्याय देऊ नका, लोक चित्र बघायचं सोडून पर्याय खोडत बसतात.

प्रत्येक फ्रेम कितव्या मिनिटाची, ते स्वतःजवळ लिहून ठेवा. ‘हे त्या सिनेमात नाहीच’ म्हणून हुज्जत घालणारा एक तरी निघतोच.